शंभरातला सहावा

एकघाव हे काही कुणाचं नाव असू शकत नाही, पण त्याचं होतं. आईबापांनी ठेवलेलं नाव इतकं मागे पडलं होतं की दवाखान्यात केसपेपर काढताना बायकोलाही क्षणभर थांबून आठवावं लागे. खाटकाच्या धंद्यात मांडीचं हाड तोडायला भल्याभल्यांना दोनतीनदा सत्तूर उचलावा लागतो; हा एकदाच उचलायचा. आणि माणसांशीही त्याचा तोच खाक्या होता. एक घाव, दोन तुकडे. जनावरं पुरवणाऱ्या दलालानं एकदा आजारी बकरं गळ्यात मारलं, तर यानं भर बाजारात त्याच बकऱ्याच्या दोरीनं दलालाला खांबाला बांधलं आणि त्याचा जबडा मोडला. थोरल्या भावाशी बापाच्या दुकानावरून वाजलं, तेव्हा भावाला काउंटरवर पालथा पाडून मानेवर गुडघा ठेवला. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. राग आला की त्याला फक्त हात सुचायचे. चौकीतल्या शिपायांनाही मांस त्याच्याकडचंच लागे, म्हणून प्रकरणं फार पुढे जात नसत.

या माणसाची एकच हळवी जागा होती, धाकटी बहीण. बाप गेला तेव्हा ती शाळेत होती. तिची फी, तिचे बूट, तिचं दुखणंखुपणं सगळं यानं पाहिलं. वर्गातल्या एका पोरानं तिची वेणी ओढली, तर हा जाऊन त्या पोराच्या बापाला मारून आला. पोराला मारणं त्याला कमीपणाचं वाटलं. पुढे लग्नही त्यानंच लावून दिलं, लेथवर काम करणाऱ्या एका माणसाशी. मेव्हणा इतका सज्जन होता की एकघावला त्याची काळजीच वाटे. असल्या माणसाच्या अंगात निदान ताकद तरी हवी, असं त्याच्या डोक्यानं घेतलं.

ताकदीचा उपाय घरचाच होता. दुकानामागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथे मीठ चोळलेल्या मांसाच्या पट्ट्या आकड्यांना टांगून खाली लाकडाचा धूर धरत. दुकानाची खरी शान त्या धुरवलेल्या मांसात होती. त्यातली सगळ्यात चांगली पट्टी दर आठवड्याला बहिणीकडे जायची, आणि ती पोचवायला तो स्वतः जायचा. बहीण ती चिरून, परतून रोज नवऱ्याच्या डब्यात द्यायची. वर्षानुवर्षं हे चाललं.

दुकानाच्या भिंतीवर त्यानं पेपरातलं एक कात्रण काचेत बसवून लावलं होतं: 'मांसाहाराने स्नायू बळकट, नव्या अभ्यासाचा निष्कर्ष'. गिऱ्हाईक आलं की बोट तिकडे. मथळ्याखाली काय लिहिलंय ते त्यानं कधी वाचलं नव्हतं. अभ्यास मूठभर म्हाताऱ्यांचा होता, आणि मांस खाऊ घालताना त्यांच्याकडून रोज कसरतही करून घेतली होती. हे तिथे बारीक अक्षरांत छापलेलं होतं. पण आपल्या बाजूनं बोलणाऱ्याची उलटतपासणी कोण घेतो?

मग मेव्हण्याला शौचातून रक्त जायला लागलं. सज्जन माणसं असल्या गोष्टी बायकोलाही सांगत नाहीत. त्यानं सांगितलं तोवर आतड्यातल्या गाठीनं लिव्हरही धरलं होतं. ऑपरेशन झालं, पोटाला पिशवी लागली, माणूस सुकत गेला आणि एक दिवस गेला. त्या सगळ्या काळात एकघाव बहिणीच्या घरून हलला नाही. अंत्यविधीला आलेला एक नातेवाईक 'वेळेवर दाखवलं असतं तर' एवढंच म्हणाला, आणि यानं त्याला चिखलात ढकलून दिलं. तोवर बहीणभावांत काहीही बिनसलं नव्हतं.

बिनसलं ते पेपरामुळे. मेव्हण्याचे कपडे अजून दोरीवरून उतरले नव्हते, तेवढ्यात बातमी आली: 'रोज धुरवलेले मांस खाणाऱ्यांना आतड्याच्या कर्करोगाचा वीस टक्के अधिक धोका'. भाच्यानं ती आईला मोठ्यानं वाचून दाखवली. हा भाचा टायरच्या दुकानात कामाला होता, अंगानं आणि डोक्यानं थेट मामावर गेलेला, आणि बाप गेल्यापासून कुणावर तरी हात उगारायला निमित्त शोधत होता.

"शंभरातली वीस माणसं मरतात, आई," तो म्हणाला. "वीस."

बातमीत शंभरातले वीस असं नव्हतं, आणि मरतात असंही नव्हतं. धाकटीनं ते ऐकलं आणि तिच्या मनात धोका या शब्दानं कूस बदलली. पेपरातला धोका म्हणजे आजार होण्याची शक्यता. तो कुणी कुणाला देत नाही. घरात ज्याला धोका म्हणतात तो मात्र माणूसच माणसाला देतो. ध चा मा व्हायला एवढं पुरतं. त्या आठवड्यात एकघाव नेहमीप्रमाणे दारात उभा राहिला, तेव्हा तिनं साखळी न काढता फटीतूनच सांगितलं.

"तू आम्हाला धोका दिलास, दादा. आता येऊ नकोस."

त्यानं दारावर मुठी आपटल्या, गल्लीतली पोरं घाबरून रडेपर्यंत शेजाऱ्यांना शिव्या दिल्या, आणि बोटांची सालं काढून परत आला. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही दिसेना. दुकान बुडालं तरी चालेल, पण बहिणीनं दार उघडलं पाहिजे. जेवायला बसला की उठायचा. बायको म्हणे, "थोडे दिवस जाऊ द्या हो, माणूस गेलाय तिचा." तो ताट भिंतीवर फेकायचा.

इकडे गल्लीत ज्याला त्याला गणित यायला लागलं होतं. न्हाव्याच्या मते धुरवलेल्या मांसात वीस टक्के विष असतं. एक पेन्शनर मास्तर सांगत की पाच माणसांच्या घरातला एक जाणारच, भागाकार करून बघा. एक जुना म्हातारा गिऱ्हाईक तर अगदी मनापासून म्हणाला, "मग असं कर, मला त्यातलं ऐंशी टक्के चांगलं तेवढं काढून दे." त्याला एकघावनं सोडलं, कारण तो बहिरा होता आणि चेष्टा करत नव्हता. न्हाव्याला मात्र त्याच्याच खुर्चीत दाबून बसवून तोंडात साबणाचा ब्रश कोंबला, घशाला लागेपर्यंत. न्हावी तीन दिवस पेज पीत होता आणि एकघाव आपल्या भिंतीवरच्या कात्रणाखाली उभा राहून सांगत होता की हे अभ्यासबिभ्यास सगळं झूट असतं, पैसे चारले की हवं ते छापून येतं.

भाचा आला तो भर दुपारी, टायर उचकटायची लोखंडी टॉमी हातात घेऊन. पहिला फटका त्यानं काचेतल्या कात्रणावर घातला. दुसऱ्यानं काउंटरची काच गेली. एकघाव मागे वळून "अरे" म्हणेपर्यंत तिसरा त्याच्या डोक्यात बसला. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरलं आणि सगळं दुकान लाल दिसायला लागलं. हातात सत्तूर होता. तो हात वर गेला. एकघावनं आयुष्यात वर गेलेला हात कधी रिकामा खाली आणला नव्हता.

बायकोनं किंकाळी फोडली तेव्हा त्यानं मनगट फिरवलं, एवढीच काय ती देवाची दया. सत्तुराची धार नाही, पाठ बसली. भाच्याचं गालफड फुटलं, दोन दात काउंटरवर पडले आणि तो कापून ठेवलेल्या बकऱ्याच्या फऱ्यांवर आडवा झाला. एकघाव त्याच्या छातीवर बसला. दोघांचं आणि बकऱ्याचं रक्त एकाच फरशीवरून एकाच मोरीकडे चाललं होतं.

"तुझ्या बापाला मी मारलं म्हणतोस? म्हण परत."

"म्हणतो," भाचा रक्त थुंकत म्हणाला. "मारलंत."

सत्तुराची धार आता त्याच्या गळ्याशी होती. बायकोनं आतडी धुतलेल्या पाण्याची बादली दोघांच्या अंगावर ओतली आणि नवऱ्याचे केस धरून डोकं मागे ओढलं. "धाकटीचं पोर आहे ते. तिला आता त्याचं मढंही नेऊन देणार आहात का?" तेव्हा कुठे त्याचा हात सैल पडला.

दवाखान्यात दोघांना पडद्याच्या दोन बाजूंना निजवलं. पलीकडे भाचा विव्हळत होता. अलीकडे एक तरुण डॉक्टरीण एकघावच्या डोक्याला टाके घालत होती. मेव्हण्याच्या आजारपणात ती त्याच्याच वॉर्डात कामाला होती, तिनं याला ओळखलं.

"एक विचारू?" एकघाव म्हणाला. "माझ्या मांसानं मेला का मेव्हणा?"

"माहीत नाही."

"डॉक्टर असून?"

"डॉक्टर आहे म्हणून. मान हलवू नका."

तिचा गळा धरावा असं त्याला वाटलं. पण सुई कातडीत होती आणि दोरा तिच्या हातात, त्यामुळे आयुष्यात प्रथमच त्याला कुणाचं तरी बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागलं.

"असं बघा," ती म्हणाली. "असलं मांस न खाणारी शंभर माणसं घेतली, तर त्यातल्या साधारण पाच जणांना कधी ना कधी हा आजार होतो. रोज खाणारी शंभर घेतली, तर सहा जणांना होतो. पाचावर एक वाढला. पाचाचे वीस टक्के म्हणजे एक. पेपरात वीस छापलं, हा एक छापला नाही."

"म्हणजे पाच जणांना न खाताच होतो?"

"हो."

"मग आमचा त्या पाचातला."

"असेल. सहावाही असेल. त्यांचे वडीलसुद्धा आतड्याच्याच आजारानं गेले होते, केसपेपरवर होतं ते. असली बरीच कारणं असतात. सहा जणांना ओळीनं उभं केलं तरी त्यातला सहावा कोण, ते कुणालाही ओळखता येत नाही. अभ्यास शंभरांचं सांगतो हो, एकाचं नाही सांगत."

"मग काय चाटायचाय असला अभ्यास?"

"उद्या डब्यात काय द्यायचं ते ठरवायला उपयोगी आहे. काल कुणी मारलं ते सांगायला नाही." तिनं दोरा कापला. "आणि हा सहाचा आकडासुद्धा दगडावरची रेघ समजू नका. मांस खाणारे विड्या ओढतात, दारू पितात. ते सगळं वजा करून हा एक उरलाय, आणि वजाबाकी शेवटी माणसंच करतात. पण अनेकांनी अनेक ठिकाणी मोजलंय, म्हणून सोडूनही देऊ नका."

इतकं सरळ त्याला कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. आणि इतकं ऐकून त्यानं काय उचललं? पाच. बाकीचं सगळं त्या पडद्याशीच सांडलं. भिंतीवरच्या कात्रणाचा मथळा जसा उचलला होता, तसाच हा पाचाचा आकडा उचलून तो बाहेर पडला. जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे बहिणीला पटवायला मुठीशिवाय काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बहिणीच्या दारात उभा राहिला. डोक्याला पट्टी, हात रिकामे. पट्टी बघून तिनं साखळी काढली खरी, पण उंबऱ्यातच उभी राहिली. तिच्या मागे भाचा भिंतीला टेकून बसला होता. तोंड सुजून डावा डोळा मिटलेला, आणि टॉमी पायाशी.

"पाच जणांना न खाताच होतो, छोटे," एकघाव घाईघाईनं म्हणाला. रस्ताभर घोकत आला होता. "शंभरातल्या पाचांना. डॉक्टरीणबाईनं सांगितलं. पेपरवाल्यांनी नुसती बोंब मारली. मांसाचा काही संबंध नाही."

"आणि खाणाऱ्यांतल्या किती जणांना?"

ती लहानपणापासून हिशेबाला पक्की होती. त्याला थाप मारायची होती, पण तिच्यापुढे त्याला ती जमली नाही.

"सहा," तो म्हणाला. "म्हणजे एकच तर वाढला, शंभरात."

"माझ्या घरात एकच होता, दादा."

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती उंबऱ्यावर खाली बसली आणि कोरड्या आवाजात बोलायला लागली, त्याच्याशी नाही, समोरच्या भिंतीशी.

"तू नुसतं आणून द्यायचास. चिरलं मी. परतलं मी. डबा मी भरला, रोज. एकदा तुझा मेव्हणा म्हणाला होता, रोज रोज हेच नको वाटतं. पोटात जड पडतं. मी म्हटलं, गप खा, दादाला वाईट वाटेल. तो गप खात राहिला. तू धोका दिलास म्हणून ओरडले मी, कारण दुसरं नाव घ्यायचं तर माझंच घ्यावं लागत होतं."

इतके दिवस एकघाव स्वतःची सुटका करायला धडपडत होता, आणि त्याच्याकडचा पाचाचा आकडा सहावर जाऊन थांबला की बोट थेट हिच्याकडे वळत होतं. हे त्याला कळलं, आणि त्याच क्षणी त्यानं भाच्याकडे पाहिलं. भाच्यालाही कळलं होतं.

"बाबांना नको होतं?" भाचा उठत म्हणाला. फुटक्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते. "नको म्हणत होते, आणि तू देत राहिलीस?"

"हो," ती म्हणाली. मागे वळूनही पाहिलं नाही तिनं.

टॉमी त्याच्या हातात आली होती. तो आईवर हात टाकेल असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी एकघावला काल खरं वाटलं नसतं. पण उचललेल्या हाताला थांबणं किती अवघड जातं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पोराच्या उघड्या डोळ्यात ओळखीचं काही उरलं नव्हतं. तो दोन पावलं पुढे आला.

"तिला काय विचारतोस?" एकघाव ओरडला. बहिणीला ओलांडून तो आत शिरला आणि भाच्याच्या पुढ्यात उभा राहिला. "मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वीच मला सांगितलं होतं एकानं, की धुरवलेलं रोज देऊ नकोस, आतड्याला वाईट. तरी मी देत राहिलो. माझा माल खपायला हवा होता. ऐकलंस? तुझ्या आईला काही माहीत नव्हतं. मी मारला तुझा बाप. धोका दिला मी."

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा उजव्या मनगटावर, आणि हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. एकघावनं डावा हातही आडवा धरला नाही. तो गुडघ्यांवर आला तेव्हा तिसरा बरगड्यांत बसला. तोंडातून लाल लाळ ओघळली, पण तो तेच म्हणत होता, मी, मी. असला मार त्यानं पुष्कळांना दिला होता. घेतला कधीच नव्हता. चौथ्यासाठी टॉमी वर गेली तेव्हा धाकटी मध्ये घुसली आणि तिनं पोराच्या सुजलेल्या गालावरच थप्पड मारली. तो कळवळला.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "बघ त्याच्याकडे. माझ्यासाठी खोटं बोलतोय. समजत नाही तुला?"

"मग खरं काय?" भाचा म्हणाला. "बाबांना कुणी मारलं?"

तिनं तोंड उघडलं. आधी ती आपलंच नाव घेणार होती, ते एकघावला दिसलं, आणि त्यानं जमिनीवरूनच मान हलवली. ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याचा लोंबणारा हात उचलून मांडीवर घेतला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला माहीत नाही. याला नाही. तुझ्या पेपरालाही माहीत नाही. तुझ्या बाबांना आजार झाला होता, एवढंच माहीत आहे."

भाचा टॉमी धरून तसाच उभा राहिला. आईकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. मारायला कुणी उरलं नव्हतं. तो भिंतीशी खाली बसला आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा रडला.